घराला हात लावणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार

थायलंडच्या ईसान भागातल्या या खेड्यात आमचं खांबांवरचं लाकडी घर उभं राहिलं, ते गावाच्या हातांनी.

तळं खणून निघालेल्या मातीनं जागा उंच केली, तेव्हा शेजारच्या आजींनी बजावलं, "एक पावसाळा जाऊ दे, माती बसू दे." आम्ही थांबलो. त्या पावसात भराव वीतभर खचला. घाई केली असती तर खांब कलले असते. आजी, तुमचे उपकार कसे फेडू?

पहिल्या खांबाला केळीचं रोप, ऊस आणि रंगीत कापड बांधलं, त्या पहाटे न बोलावता माणसं आली. इथे याला 'लोंग खॅक' म्हणतात, आपली इर्जिकच. चिकट भाताच्या टोपल्याही त्यांनीच आणल्या. मजुरीचं विचारलं तर नुसते हसले.

आणि तळ्याच्या उतारावर एकेक ठोंब लावून देणारे काका! आपण माठात टाकतो तोच हा वाळा. त्याची मुळं खोल जाऊन माती धरतात. यंदा धो धो पाऊस झाला, पण काठ ढासळला नाही.

घराखालच्या सावलीत बांबूचा मोठा बाक मांडलाय. दुपारी हक्कानं येऊन बसा.