भांडण अर्धवट राहिलं म्हणून

प्रिय मनू,

परवा रात्री तुझ्या रोपांचे जीन बदलण्याच्या कामावरून भांडलो आणि सकाळी तू निघालीस तेव्हा मी दारात नुसतं 'चार्जर घेतलास का' एवढंच विचारलं. आई तू फॉरवर्ड वाचून बोलतेस म्हणालीस ना, म्हणून दोन दिवस बसून नीट वाचलं. तुझं बरोबर आहे, जीन न बदलताही घोळ होतात, तो लेनापे बटाटा तर साध्या संकरातून आलेला, तरी त्यात सोलॅनिन, म्हणजे बटाट्यातलं विष, जास्त निघालं आणि १९७० मध्ये मागे घ्यावा लागला. मान्य. बाबांसमोर म्हणणार नाही.

तो १९९० चा पेटुनियाचा किस्सा मला फार आवडला. जांभळा रंग आणखी गडद व्हावा म्हणून रंगाचं जीन जास्तीचं घातलं तर कितीतरी फुलं पांढरीच आली! जास्तीच्या जीनपायी झाडाने स्वतःचं जीनही गप्प करून टाकलं. पण पांढरं फूल लांबूनही दिसतं गं. सोयाबीनचं तसं नाही. जनावरांच्या खाद्यात मेथिओनिन हे पोषक द्रव्य वाढावं म्हणून त्यात ब्राझील नटचं जीन घातलं, दाणा दिसायला सोयाबीनचाच, आणि १९९६ मध्ये तपासणी छापून आली त्यात ब्राझील नटची अ‍ॅलर्जी असलेल्या ९ पैकी ८ जणांच्या अँटीबॉडी त्यातल्या प्रथिनाला चिकटल्या होत्या. बाजारात यायच्या आतच ते बंद केलं. तू म्हणशील बघ, टेस्टिंग होतं की. होतं, पण दिसलेलं कोणीतरी बोलावं लागतं ना.

उद्या तुझ्या रोपात जिथे ती जीन कापायची कात्री लागायला नको तिथे लागलेली दिसली, आणि सरांचा पेपर महिन्यावर आला असेल, तर तू बोलशील ना? रिपीट करून बघते, पुढच्या बॅचला बघू, असं करत बसणार नाहीस ना? नोंदवहीत लिहून ठेव, तारीख घालून, आणि त्याच दिवशी सांग, उद्यावर... झालं माझं लेक्चर सुरू. सॉरी. तुला शिकवणारी मी कोण, मला ऑफ-टार्गेट, म्हणजे भलतीकडेच कापणं, हा शब्दच मुळी तुझ्याकडून कळला आणि शेजारीपाजारी सगळ्यांना तो ऐकवून झालाय.

पण मला तो बेसिन आठवतो. छोट्या चार वर्षांचा, तू नऊची. अक्रोडाचा केक. ओठ सुजलेले पहिल्यांदा तुला दिसले आणि तू त्याला आत नेऊन तोंड धूत बसलीस, नळ पूर्ण सोडून, बाहेर आवाज येऊ नये म्हणून. तो खोकायला लागला तेव्हा मी आले. पाच मिनिटं असतील. मी तेव्हाही रागावले नाही, आत्ताही नाही, तू घाबरली होतीस. तरी विचारते, बोलशील ना?

छोट्या विचारतोय, ताईच्या रोपांना वास येतो का. त्याला फोन कर. केक कोणी दिला होता ते त्याला मी अजून सांगितलेलं नाही.

आई