सहातली चार

गोराई, मुंबई
26 जानेवारी

प्रिय अन्या,

तुझा मेसेज बघितला. 'काय शेतकरी, करडं किती झाली? बोकड कधी खिलवतोस?' त्याला मी नुसता अंगठा पाठवला. तू मनातल्या मनात शिव्या घातल्या असशील. पण हे अंगठ्यात मावण्यासारखं नव्हतं आणि फोनवर मला बोलता आलं नसतं. आज झेंडावंदन करून आलो, नातवाच्या वहीतली मधली पानं काढली आणि बसलो लिहायला. अक्षर लागलं नाही तर वहिनींकडून वाचून घे.

आधी आकडा देतो. सहा झाली, चार आहेत.

तू आलास तेव्हा चंद्री आणि काळी या दोघीच होत्या. आता चार झाल्यात. बिजली ही काळीचीच पाट, म्हणजे लेक, यंदा पहिलटकरीण. या तिघी उस्मानाबादी जातीच्या. तांबडी मात्र कुठली, ते तिच्या आईलाच माहीत. बारा गुंठ्यांत याहून जास्त परवडत नाहीत. सासऱ्यांच्या काळी तिवराचा पाला तोडून आणायचे म्हणे. आता 2005 पासून हायकोर्टाने कांदळवन तोडायला बंदी केलीय, आणि ते बरंच झालं, नाहीतर आमच्या पुढच्या बाजूला खाडीऐवजी टॉवर दिसले असते. मग फणस, उंबर, सुबाभूळ आणि बांधावरची शेवरी, यावर भागवतो.

शेळी पाच महिने गाभण असते, दीडशे दिवस धर. आषाढाच्या तोंडावर बोकड दाखवला की मार्गशीर्षात गोठा भरतो. सासूबाईंचा आग्रहच असतो की व्यायचं ते थंडीत. पावसाळ्यात गोठ्याची जमीन सुकत नाही, करडं खोकायला लागतात, आणि खोकणारं करडू मी तरी वाचलेलं बघितलं नाही. मी सगळं वहीत लिहितो. कुठल्या तारखेला फळली, कधी व्याली, करडाचं वजन किती. तू हसशील, पण बत्तीस वर्षं वेबिल भरलेल्या कंडक्टरला वहीशिवाय चैन पडत नाही.

पहिली व्याली चंद्री. मार्गशीर्षातला गुरुवार होता. सुमनने, तुझ्या वहिनीने, सकाळी घट मांडलेला, दिवसभराचा उपास. चंद्री दुपारपासून कोपऱ्यात, खुराने जमीन उकरायची, बसायची, उठायची, स्वतःच्याच कुशीकडे वळून बघायची. शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडलेले. सहाच्या सुमारास पाणमोट फुटली. नंतर एक खूर दिसला आणि त्याच्यावर नाकाचा शेंडा. दुसरा खूर दिसेना.

सासूबाई पाटावर बसून होत्या. ऐंशी उलटली तरी नजर साफ. म्हणाल्या, "विहिरीत सूर मारताना पोरगं कसं असतं, दोन्ही हात पुढे आणि मध्ये तोंड, तसं यायला हवं. ह्याचा एक हात मागं राहिलाय. घाई नका करू, जावयबुवा. ओढू तर मुळीच नका."

डॉक्टर भाईंदरला राहतो. फोन लावला, तर तो दुसरीकडे म्हशीत अडकलेला, उत्तनवरून यायला तास-दीड तास म्हणाला. माझे हात तुला माहीत आहेत, चालत्या बसचा दांडा धरून धरून फावड्यासारखे झालेले. सासूबाईंनी माझ्या हाताकडे बघितलं, मग लेकीकडे.

सुमनने काही न बोलता बांगड्या काढल्या. डझनभर हिरव्या बांगड्या, एकेक करून, साबण लावून, कारण मनगट आता पूर्वीचं राहिलं नाही. त्या घटाशेजारी ताटात ठेवल्या. नखं कापली. कोपरापर्यंत हात धुतला, खोबरेल चोळलं आणि मांडी घालून चंद्रीच्या मागे बसली. मी तोंडाकडून चंद्रीला धरलेलं. कळ ओसरेपर्यंत सुमन थांबायची आणि मग करडाला हळूच आत ढकलायची. आत जागा झाल्याशिवाय पाय वळवणार कसा? डोळे भिंतीकडे. त्या भिंतीवर काहीच नव्हतं, पण ती काहीतरी बारीक अक्षर वाचत असल्यासारखी बघत होती. "मान... खांदा... थांब. गुडघा लागला." सासूबाई म्हणाल्या, "खूर मुठीत झाक, नाहीतर आत फाडील." बराच वेळ काही नाही. मग ती एकदम म्हणाली, "आला." पुढच्या कळेसरशी दोन्ही खूर बाहेर, खालच्या अंगाला ओढ, आणि भस्सकन अख्खं करडू तिच्या मांडीवर.

श्वास नव्हता. सासूबाईंनी पेंढ्याची काडी नाकात घातली, मी गोणपाटाने खसाखसा पुसत होतो. एक शिंक. अन्या, एवढुशी शिंक, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी गोणपाटालाच पुसलं.

वीसेक मिनिटांनी दुसरं आलं. अगदी नीट, दोन्ही पाय पुढे, काही त्रास नाही. मेलेलं.

चंद्रीने दोन्ही चाटली. मी दुसरं उचलायला गेलो तर सासूबाईंनी हातानेच थांबवलं. वार पडेपर्यंत तिला चाटू दिलं. मग फणसामागे खोल खड्डा करून ते आणि वार पुरली, वर दगड रचले. दगड लागतातच. खाडीच्या तिवरांत कोल्हे आहेत. मुंबईत कोल्हे म्हटलं की लोक वेड्यात काढतात, पण त्या रात्री ते असे ओरडत होते की कंदील घेऊन मी दोनदा बाहेर गेलो. सुमनने हात धुतले, बांगड्या परत भरल्या, कहाणी वाचली आणि दहा वाजता उपास सोडला. मला म्हणाली, "मीठ कमी आहे का आमटीत?"

काळीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, शहाण्या बायांबद्दल नसतंच. मी बोटीने बोरिवलीला जाऊन येईपर्यंत ती दोन करडं देऊन, चाटून, कोरडी करून मोकळी झाली होती. एक पाट, एक बोकड. मी फक्त सड पिळून चीक मोकळा केला आणि नाळेला आयोडीन लावलं. चीक मात्र पहिल्या तासातच पोटात जायला हवा. तो चुकला की पुढे कितीही दूध पाजा, रोगाला तोंड द्यायची ताकद त्या करडाला येत नाही.

बिजलीने नाटक केलं. करडू झालं तेच तिला पटलं नाही. जवळ आलं की लाथ. सासूबाईंनी करडाच्या पाठीवर मीठ चोळलं, की चाटेल. तिने मीठ चाटलं आणि परत लाथ मारली. दोन दिवस मी तिला खुंट्याला आवळून, करडाला सडाशी धरून पाजत होतो. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, शेजारचा कुत्रा आणा. मला वाटलं, म्हातारीचं काहीतरीच. आणला. तो बिचारा गरीब, शेपटी हलवत गोठ्याच्या दारात उभा राहिला. बिजलीने मान खाली घातली, करडाच्या पुढे आडवी झाली आणि पुढचा पाय असा आपटला की कुत्रा पळाला आणि मीही मागे सरलो. संध्याकाळी करडू स्वतःहून पीत होतं. हे आपल्याला शाळेत का नाही रे शिकवलं?

सासऱ्यांची जुनी होडी आठवते ना, अंगणात पालथी पडलेली? डिसेंबरभर उन्हं कलली की पाचही करडं त्या होडीवर. एक चढायचं, मधल्या कण्यावर चारी पाय एका जागी आणून उभं राहायचं आणि मग हवेतच अंग मुरडून खाली उडी. का, ते त्यालाही माहीत नसावं. दुसरं लगेच तसंच. विपश्यनेच्या पॅगोड्याहून परतणारे लोक कुंपणाशी थांबून मोबाइलवर काढायचे. मी खुर्ची टाकून बसायचो. सुमन म्हणायची, "एवढा वेळ आपल्या पोरांकडे बघितला असतात तर." खरं आहे. तेव्हा माझी दुसरी पाळी असायची.

पाचातला राजा होता तांबडीचा गब्बू. एकुलता एक, जन्मतः ताणकाट्यावर तीन किलो. दोन्ही सड त्याचेच. दीड महिन्याचा होईतो असा गुटगुटीत झाला की बकरीदचा माल घेणारा एक जण बघून गेला. कुर्बानीला बोकड वर्षाचा पुरा व्हावा लागतो आणि बकरीद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, म्हणजे याचा नंबर पुढच्या वर्षी. मी देवनारच्या कत्तलखान्याला माल नेत नाही, दारात येणाऱ्याला देतो, भाव कमी मिळाला तरी. सुमन म्हणते हे ढोंग आहे, सुरी लांब असली म्हणजे काय आपण सुटलो? तू मागे ती म्हण टाकली होतीस, शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. मी पाळणाराही आहे आणि खाणाराही, तेव्हा मला काय बोलायला तोंड नाही.

आता जे लिहायचं म्हणून बसलो ते.

संक्रांतीनंतर शेजारी हळदीकुंकू झालं. मसालेभात उरला होता, त्यांनी पातेलंभर आणून दिला, 'शेळ्यांना घाला.' घालायचा नसतो एवढा, हे मला माहीत होतं. मूठभर ठीक. पण अन्न वाया जातंय, आणि शेळ्या ओरडत होत्या, आणि मी ओतला. गब्बू आईच्या पोटाखालून घुसला आणि परातीत तोंड घालून बसला. मी कौतुकाने बघत होतो. वर तांबडीचं दूध प्याला ते वेगळंच.

पहाटे चारला ओरडला. करडाचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पोट तट्ट, मान मागे पाठीवर टेकलेली, पाय झाडत होता. डॉक्टरला उठवलं, तो मोटारसायकलवरून साडेपाचला पोचला. गब्बू पाचला गेला होता.

डॉक्टर चांगला मुलगा आहे. परळला शिकलेला. बाई साकरबाईचा दवाखाना आठवतो ना, शाळेतून येताना आपण फाटकाशी उभे राहायचो, व्हिक्टोरिया गाड्यांचे घोडे बघायला? 1883 सालचा तो दवाखाना, आणि त्याच आवारात 1886 ला सुरू झालेलं पशुवैद्यकीय कॉलेज. तिथला हा. त्याने मला ओट्यावर बसवलं आणि समजावलं. याला आंत्रविषार म्हणतात. ते जंतू आतड्यात असतातच, थोडेसे, गप्प. एकदम जड दाणा नाहीतर भात पोटात गेला, वर भरपूर दूध गेलं, की ते भराभर वाढतात आणि विष सोडतात. काही तासांत खेळ संपतो. आणि मरतं ते बहुधा गोठ्यातलं सगळ्यात धष्टपुष्ट करडू, कारण तेच सगळ्यात जास्त खातं.

मग त्याने वही मागितली. मी ज्या वहीची ऐट मारतो तीच. "काका, लस?"

गाभण शेळीला व्यायच्या महिनाभर आधी ही लस दिली की तिच्या चिकातून करडांना संरक्षण मिळतं. वहीत रकाना आहे. चारही नावांपुढे कोरा. ऑक्टोबरात लस आणायची होती. ती बर्फात आणावी लागते, थर्मास घेऊन बोरिवलीला जायचं, डॉक्टरची वेळ घ्यायची. एकदा पाऊस होता. एकदा गुडघा दुखत होता. एकदा क्रिकेटची मॅच होती. अन्या, मॅच होती रे.

घरात कोणी एक शब्द बोललं नाही. सासूबाई म्हणाल्या, "होतं असं." सुमनने परात घासून पालथी घातली. बोलले असते तर बरं झालं असतं. तुला आठवत असेल, आगारात पैसे भरताना हिशेबात तूट आली की खिशातून भरायची. चरफडायचो, पण भरली की रात्री झोप लागायची. ही कुठे भरू? म्हणून तुला लिहितोय. उत्तरात 'जाऊ दे' असं लिहू नकोस.

त्याला चंद्रीच्या बाळाशेजारीच पुरला. दगड मोठे ठेवले.

तांबडी आठवडाभर त्या कोपऱ्यात जाऊन ओरडत होती. आता ओरडत नाही, पण संध्याकाळी करडं होडीवर गेली की तिथे जाऊन उभी राहते. कास दगडासारखी भरते. इकडे चंद्रीला दूध बेताचं, म्हणून तिचं करडू तांबडीला लावायचा प्रयत्न चाललाय. ती हुंगते आणि ढकलून देते. मीठ झालं, कुत्रा झाला. सासूबाई म्हणतात, तो पहिल्या दोन-तीन दिवसांचा उपाय, आता तिला कळतं कुणाचं कोण ते. तेव्हा मी तिचा मागचा पाय धरतो आणि सुमन करडू लावते, दिवसातून दोनदा.

काल डॉक्टर थर्मास घेऊन आला. चारही शेळ्यांना टोचलं, चारही करडांना टोचलं, काही दिवसांनी परत एकदा टोचायचंय. रकाना भरला. चार नावं, चार तारखा, आणि गब्बूच्या ओळीत रेघ मारायची की तसंच ठेवायचं, ते अजून ठरत नाही.

फेब्रुवारीत ये. मे महिन्यात येऊ नकोस, विहिरीचं पाणी मचूळ होतं आणि तू तक्रार करतोस. कंदी पेढे आण, पण पिशवी उंच टांग, काळी कागदासकट खाते. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

सुमन हाक मारतेय. सात वाजले, तांबडीचा पाय धरायला जातो.

तुझा,
दिन्या