पावसाच्या गावी राहायला जाताना

चि. रोहन यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

हैदराबाद सोडून एखाद्या थंड, पावसाच्या, बेताच्या आकाराच्या शहरात राहायला जायचं तू आणि मृणालने मनावर घेतलं आहे, हे ऐकल्यापासून तुझी आई रोज एका नव्या गावाचं नाव सुचवते आहे. फोनवर हा विषय निघाला की सगळे एकदम बोलतात आणि कामाचं राहूनच जातं, म्हणून लिहायला बसलो. माझी उभी नोकरी पाटबंधारे खात्यात, पाऊस मोजण्यात आणि धरणातलं पाणी अडवण्या-सोडण्यात गेली. तेव्हा या एका बाबतीत माझं म्हणणं तू शेवटपर्यंत वाचावंस.

तुझ्या यादीत प्रत्येक गावापुढे वर्षाचा एकूण पाऊस आहे आणि त्याच क्रमाने तू गावं लावली आहेस. त्या क्रमावर जाऊ नकोस. आपल्या नागपुरातही वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि कोल्हापूर शहरातही जवळपास तेवढाच पडतो. तरी दोन्हीकडचा जुलै किती वेगळा! आपल्याकडे दोन दिवस झोडपून काढतो, रस्ते तुंबतात, आणि मग उघडीप पडली की अंगाला कपडा चिकटतो, कूलर लावला तर आणखीच दमट होतं. कोल्हापुरात तेच पाणी रोज थोडं थोडं पडतं. आभाळ गच्च असतं आणि दुपारीसुद्धा ऊन वर येत नाही. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या केंद्रावर चोवीस तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. कोल्हापूर शहराला जवळजवळ वर्षभर पुरतो तेवढा पाऊस एका दिवसात. आता सांग, एकूण आकडा बघून तिथे राहणाऱ्याला काय कळणार?

म्हणून पावसाचे दिवस बघायचे. हवामान खात्याच्या हिशेबात ज्या दिवशी अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस होतो, तो पावसाचा दिवस. ज्या गावात जून ते सप्टेंबर असे दिवस सलग लागतात, तिथे तुला हवा तो गारवा मिळेल. मी राधानगरीला होतो तेव्हा रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकाचं नरसाळं उचलून आतली बाटली काढायची, पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा, असं काम होतं. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस लागला की बाटली भरून वाहायची, म्हणून मध्येच एकदा मोजावं लागे. वहीची पानंच्या पानं भरत, पण शून्य कुठे दिसत नसे. गाव निवडताना अशी वही डोळ्यांसमोर आण.

आता गारव्याचं. तू उंचीचा रकाना केला आहेस हे बरं केलंस, पण नुसत्या उंचीने काम होत नाही. हैदराबाद समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे आणि कोल्हापूरही जवळपास तेवढ्याच उंचीवर. तरी मे महिन्यातल्या संध्याकाळी दोन्हीकडे सारख्या नसतात. घाटमाथा जवळ असला की दुपारनंतर पश्चिमेकडून समुद्रावरचा वारा चढून येतो, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी तापलं की संध्याकाळी वळीव कोसळतो. हैदराबादला तो वारा पोचेपर्यंत कोरडा झालेला असतो. उलट रत्नागिरी, मंगळूर ही गावं पावसाला कमी नाहीत, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, पण ती समुद्राच्या काठाला. तिथे पाऊस थांबला की घाम सुरू. म्हणजे आपल्याला उंचीही हवी आणि घाटही जवळ हवा.

पण किती जवळ, हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. ढग कोकणातून चढून येतात, घाटमाथ्यावर सगळ्यात जास्त रिकामे होतात आणि पूर्वेला सरकताना झपाट्याने कोरडे पडतात. कोल्हापूर जिल्ह्यातच बघ. गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मध्ये कोल्हापूर शहरात हजार, आणि पूर्वेला शिरोळला जेमतेम पाचशे. बेळगाव जिल्ह्याचंही तेच. मलप्रभा जिथे उगम पावते ते कणकुंबी पावसात बुडालेलं असतं, आणि त्याच जिल्ह्यातलं अथणी दुष्काळाशी झगडतं. माथ्यावरच्या आंबोलीत किंवा महाबळेश्वरात चार दिवस राहून येणं वेगळं आणि लहान मूल घेऊन संसार थाटणं वेगळं. रात्री दोन वाजता डॉक्टर लागला तर घाट उतरून जावं लागेल, असं गाव मी तुम्हाला सुचवणार नाही. माथ्यापासून पूर्वेला थोडं सरकलेला जो पट्टा आहे, त्यातच आपलं गाव आहे. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड ही सगळी त्या पट्ट्यातली.

माझं मत बेळगावला आहे. साधारण साडेसातशे मीटर उंची, वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाचं तापमान पंचवीस-सव्वीसच्या आसपास. आपल्याकडे मेअखेरच्या नवतप्यात पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा तिथे पस्तिशीच्या आगेमागे असतो आणि रात्री चादर लागते. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र तिथे असल्यामुळे कॅम्पातली जुनी झाडी टिकून आहे. मोठी रुग्णालयं आहेत, मेडिकल कॉलेज आहे, सांबऱ्याला विमानतळ आहे, हुबळी-पुणे वंदे भारत तिथे थांबते. चोर्ला घाटाने गोवा जवळ. खडेबाजारात उभं राहिलास तर मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू सगळं एकाच वेळी कानावर पडेल.

भाषेचा प्रश्न मात्र हलका घेऊ नकोस. घरात, बाजारात, शेजारी मराठीने भागेल, पण सरकारी कचेरीतला कागद कन्नडमध्ये असेल आणि तुमच्या लेकीला, ओवीला, शाळेत कन्नड शिकावी लागेल. मला ती अडचण वाटत नाही, लहान पोरं चार महिन्यांत उचलतात. तुम्ही दोघांनीही शिका, नुसतं तिच्यावर सोडू नका. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि मधूनच वातावरण तापलं की दोन्हीकडच्या एसटी बस थांबतात. त्या दिवसांत प्रवास पुढे ढकलायचा, इतकंच. आणि तुझी गाडी तेलंगणाची आहे. वर्षाहून जास्त राहायचं तर ती कर्नाटकात नोंदवून तिथला रोड टॅक्स भरावा लागेल. तो बराच असतो, खर्चात धर.

मृणालचा ओढा कोल्हापूरकडे आहे हे मला माहीत आहे. तिथली माणसं जीव लावणारी, आणि शहर मलाही मनापासून आवडतं. पण पंचगंगेचं पाणी मी जवळून पाहिलेलं आहे. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा खालचा भाग पाण्याखाली होता आणि पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला. शहर चहूबाजूंनी तुटलं की दूध, गॅस, पेट्रोल सगळ्याची टंचाई होते. तरीही कोल्हापूरच ठरलं तर माझा विरोध नाही, फक्त घर विद्यापीठाच्या बाजूला, उंचावर बघा. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. तो नकाशा बघितल्याशिवाय अनामत रक्कम देऊ नकोस. लाल रेषेच्या आतलं घर कितीही स्वस्त आणि देखणं असलं तरी नको. बेळगावातही बळ्ळारी नाल्याचं पाणी शहापूर-वडगावच्या शिवारात दर पावसाळ्यात पसरतं, तेव्हा तिथेही नाल्याच्या बाजूचं घर टाळ.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते ओवीबद्दल. मागच्या थंडीत तिची छाती भरली होती आणि डॉक्टरांनी बाळदम्याची शंका बोलून दाखवली होती. पावसाच्या गावात हवा स्वच्छ असते हे खरं, पण घरात ओल असते आणि ओलीवर बुरशी धरते. ही बुरशी दम्याला वाईट. राधानगरीच्या क्वार्टरमध्ये जुलैत कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर पांढरी लव चढायची, मिठाच्या बरणीत पाणी सुटायचं, काडेपेटीतली काडी पेटायची नाही. तुझी आई टोपलीखाली शेगडी ठेवून तुझी दुपटी वाळवायची आणि तरी त्यांना कुबट वास यायचा. तुम्हाला आता कपडे वाळवायचं यंत्र घेता येईल, पण भिंतीचं काय कराल? म्हणून गाव ठरवण्याआधी ओवीच्या डॉक्टरांना हा प्रश्न सरळ विचारा. ते नको म्हणाले तर हट्ट सोडा. मग धारवाड बघा, पाऊस बेळगावापेक्षा कमी आणि हवा तशीच गार. किंवा म्हैसूर, उंची बेळगावएवढीच, पाऊस वर्षाला आठशेच्या आसपास आणि तोही मे महिन्यात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जास्त, त्यामुळे घरं दोन-दोन महिने ओली राहत नाहीत. साताऱ्याचाही विचार करायला हरकत नाही, पण तुझ्या वयाच्या माणसाला तिथे पुण्याच्या फेऱ्या सतत कराव्या लागतील असं मला वाटतं.

घर बघायला डिसेंबरात जाऊ नकोस. डिसेंबरात सगळी घरं कोरडी आणि नुकता रंग दिलेली असतात. ऐन पावसात जा. या पट्ट्यात पाऊस नैऋत्येकडून, वाऱ्याबरोबर तिरका येतो, त्यामुळे दक्षिण आणि पश्चिम बाजूच्या भिंतींना मार बसतो. ओवीची झोपायची खोली त्या बाजूला नको. भिंतीला जमिनीपासून वीतभर उंचीवर हात लावून बघ, रंगाचे पोपडे निघाले असतील किंवा पांढरा क्षार फुलला असेल तर पाणी खालून चढतं आहे. वरचा मजला असेल तर गच्चीवर पत्र्याची शेड आहे का ते बघ, तिकडे बहुतेक घरांवर असते आणि ती उगाच नसते. कपाटं भिंतीपासून चार बोटं लांब राहतील एवढी जागा आहे का, दुपारी एखादी तरी खिडकी पाऊस आत न येता उघडी ठेवता येते का, हेही बघून घे. शेजारच्या बाईंना विचार, गेल्या पावसाळ्यात वीज किती वेळा आणि किती तास गेली. तुझं काम घरून आहे, झाड तारेवर पडलं की तुझी मीटिंग बंद पडणार. घरमालक हे सांगणार नाही, शेजारी सांगतील.

आणि विकत काही घ्यायचं नाही. निदान एक पूर्ण वर्ष भाड्याने राहा. पावसाचं वेड मलाही आहे, पण जून संपताना जो पाऊस हवाहवासा वाटतो तोच ऑगस्टच्या शेवटी, पाच आठवडे ऊन न पाहिलेल्या माणसाला जड जातो. मृणालला उजेडाची सवय आहे, ती लातूरची. काही जणांचं मन ढगाळ हवेत खरंच खचतं आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. तिने पहिला पावसाळा काढल्यावर मोकळेपणाने सांगावं आणि तू ते ऐकावंस. तिला नको झालं तर परत निघायची तयारी ठेव.

पुष्य नक्षत्र जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात लागतं. त्या सुमारास बेळगावात टिळकवाडी किंवा हिंदवाडीकडे पंधरवड्यासाठी एखादं भाड्याचं घर मिळतं का बघ, हॉटेल नको, स्वयंपाक करता येईल अशी जागा हवी. ओवीला बरोबर न्या, तिचा नेब्युलायझर आणि औषधं विसरू नका. मी आणि आईही येतो. पूररेषांचे नकाशे वाचायला मी लागेनच, आणि परतताना दोन दिवस कोल्हापूरलाही थांबू, म्हणजे मृणालचंही मन राहील. नागपूरहून कोल्हापूरला थेट गाडी आहे. ती आपल्याला सोयीची पडते का बघून तारखा कळव, म्हणजे मी लगेच आरक्षण करतो.

मृणालला आशीर्वाद, ओवीला गोड पापा.

तुझे,
बाबा