वाचनालयातल्या काकांना, जरा उशिराच

काका, नमस्कार.

हे पत्र खरं तर २०२१ लाच लिहायला हवं होतं. पण तेव्हा घरात बसायला कोरडी जागा नव्हती आणि नंतर पुस्तक बदलायला आले की काउंटरवर कुणी ना कुणी असायचंच, तोंडावर आभार मानायला मला कधी जमलं नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

२२ जुलैला चिपळूणच्या पुरात वाशिष्ठी नदीचं पाणी आमच्या माळ्याच्या जिन्यापर्यंत चढलं. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती, सासरे म्हणत होते त्याच्यावर काय जात नाही, पण गेलं. पाणी ओसरल्यावर तुमच्याकडची दोन पुस्तकं गादीखाली चिखलात सापडली, फुगून नुसती वीट झालेली. भरपाई काय ती देऊ म्हणून पिशवीत घालून आणली तर तुमच्याकडेच घोटाभर चिखल. रॅकचे खालचे कप्पे गेलेले, दिवाळी अंकांचे तर गठ्ठेच्या गठ्ठे, त्या गुळगुळीत कागदाची पानं ओली होऊन एकदा चिकटली की परत सुटत नाहीत हे मला तुमच्याकडूनच कळलं. तुम्ही पिशवीत डोकावलात आणि विचारलंत, "घरची सगळी बरी आहेत ना?" भरपाईचं नावसुद्धा काढलं नाहीत.

पण मला आभार मानायचेत ते त्या झेरॉक्ससाठी.

पंचनामे सुरू झाले तसे कागद मागायला लागले, आमच्या रेशनकार्डाचा लगदा झालेला, एका कार्यालयातून मला तीनदा परत पाठवलं, पुरावा आणा म्हणे, आता सगळं घरच वाहून गेल्यावर आणायचा कुठून. तिथून रडतच तुमच्याकडे आले. तुम्ही काही न बोलता स्टुलावर चढलात, वरच्या लोखंडी कपाटातून सभासद अर्जांची फाईल काढलीत आणि एकेक अर्ज उलटत गेलात. माझ्या अर्जाला टाचणीने लावलेली रेशनकार्डाची झेरॉक्स निघाली, कडा पिवळी पडलेली, टाचणीचा गंज उतरलेला, पण नंबर स्पष्ट. लग्न होऊन या आळीत आले त्याच वर्षी अनामत भरून सभासद झालेले, तेव्हा लावलेली. त्या कागदावर माझं काम झालं काका. नंतर कितीतरी जण ती फाईल बघायला आले आणि ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचे अर्ज तुम्ही तिथेच बसून लिहून दिलेत, ते मी बघितलंय.

आणि पुस्तकं वाळवणं! पानांमध्ये रद्दी पेपर घालायचा, ओला झाला की बदलायचा, पंख्याखाली उभी करून ठेवायची, उन्हात नाही, वाकडी होतात. आपल्याकडच्या पावसात दोन-तीन दिवसांत बुरशी धरते म्हणून तुम्ही घाई करायचात. आम्ही बायका आणि अभ्यासिकेतली पोरं व्हरांड्यात बसून तेच करत होतो आणि खरं सांगू, त्या दिवसांत घरच्या चिखलापेक्षा तिथे बरं वाटायचं.

आपल्याकडे वाचनालयं काय आजची नाहीत, रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं, आपल्या चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर १८६४ चं, पुराने या वाचनमंदिराचंही फार नुकसान केलं आणि तिथेही माणसांनीच ते सावरलं. पण आळीतल्या छोट्या वाचनालयाबद्दल कोण लिहितं? सरकारी अनुदान हप्त्याहप्त्याने येणार, पगार किती ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सकाळी कुलूप वेळेवर उघडतं. सासऱ्यांना आता नीट दिसत नाही, तरी रोज पेपर वाचायला येतात, तुम्ही त्यांच्यासाठी खिडकीजवळची खुर्ची राखून ठेवता हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, मी स्वतः बघितलं.

मे संपत आला की तुम्ही खालच्या दोन कप्प्यांतली पुस्तकं माळ्यावर चढवता, पुरानंतर दरवर्षी, बहुतेक एकट्यानेच. यावर्षी मला फोन करा. मी येते, मुलालाही घेऊन येते, तो आता उंच झालाय, स्टूल लागणार नाही.

तुमची,
आळीतली एक वाचक