स्टेजवर पेटी नव्हतीच!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात कथकच्या कार्यक्रमाचं परीक्षण वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. शेवटची ओळ, "हार्मोनियमची साथ अनुरूप होती." अहो, स्टेजवर पेटी नव्हतीच! तबलजी होता, पढंतीला, म्हणजे नाचाचे बोल म्हणायला, एक मुलगी होती आणि तिच्या गुडघ्याशी स्टँडला लावलेला मोबाइल. लेहरा, म्हणजे तालाचं आवर्तन धरून ठेवणारी पेटीवरची तीच ती धून, त्यातून येत होता. तुमचे समीक्षक कुठे बसले होते, की बसलेच नव्हते, हे आता तुम्हीच विचारा त्यांना.

मी पाचव्या रांगेत होतो. आणि तो लेहरा माझा आहे, राग चंद्रकंस, तीनताल. सहा वर्षांपूर्वी नाचणाऱ्या याच बाईंनी "सर, रियाजापुरता हवाय, जरा वाजवून द्या ना" म्हणून फोनवर रेकॉर्ड करून नेला होता, मानधन एक कप चहा. तेव्हा माझ्या पेटीची कोमल धैवताची पट्टी सोडताना टक् वाजायची, दुरुस्तीला टाकायची राहिली होती. तर परवा भरल्या हॉलमध्ये मोठ्या स्पीकरवर दर आवर्तनाला टक्, टक्. शेजारच्या काकू म्हणाल्या, पेटी गोड वाजतेय ना? म्हटलं हो, बरा वाजवतो.

आता कोणी म्हणेल की त्याच 16 मात्रा 40 मिनिटं घोळवायच्या, त्याला माणूस कशाला? तर थाट, म्हणजे सुरुवातीचा संथ भाग, संपत आला की नाचणारी नुसती एक नजर टाकते आणि तबला-लेहरा दोघं मिळून लय हलकेच वर नेतात, बघणाऱ्याला कळतही नाही. परवा काय झालं, विलंबित संपलं आणि मध्य लयीचा ट्रॅक सापडेपर्यंत त्या मुलीचं बोट स्क्रीनवर घसरतंय, तबलजी बिचारा एकटाच ठेका धरून बसलाय आणि बाई हसऱ्या चेहऱ्यानं उभ्या. लय चढली नाही, तुटली. हे परीक्षणात नाही. अंगरख्याच्या रंगावर मात्र चार ओळी आहेत!

एकदा एकीच्या घुंगरांची दोरी सुटली, ती विंगेत बांधून येईपर्यंत मी लेहरा धरला आणि तबलजीनं एक कायदा, म्हणजे तबल्याची बांधलेली रचना, सुरू केला, लोकांना वाटलं हे ठरलेलंच आहे, टाळ्या पडल्या. मोबाइलला घुंगरू सुटलेलं दिसतं का?

पैशाचं कळतं हो मला. हॉलभाडं, लाइट, सगळं या पोरी स्वतःच्या खिशातून भरतात. पण फोटोग्राफर दोन आणि पेटीवाला शून्य? भरतनाट्यमच्या बालासरस्वतींसाठी त्यांच्या आई जयाम्मल गायच्या, ओडिसीचे गुरू केलुचरण महापात्र तर स्वतःच पखवाज वाजवायचे. साथीदाराला तेव्हा कोणी मागच्या पडद्यात जमा धरत नव्हतं.

आणि हो, "पढंत" चं "पठण" कोणी केलं? बोल म्हणत होती ती मुलगी, व्यंकटेश स्तोत्र नाही.

दुरुस्ती छापणार असाल तर "अनुरूप" तेवढं राहू द्या. कात्रण घेऊन जाईन बाईंकडे, निदान पट्टी दुरुस्तीचे पैसे तरी मागता येतील.

आपला,
एक पेटीवाला