उजव्या चाकाला ब्रेकच नाही

प्रिय संत्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, मागं ग्राइंडर चालू होता त्यामुळं अर्धा डोक्यावरून गेला, पण मुद्दा कळला. मातीच्या गोल ट्रॅकवर सगळा खेळ रेसचा, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरचा, ब्रेकचं काय काम, असंच ना? मग बस निवांत, चहा सांग, कारण हे लांबणार आहे.

इथं अमेरिकेत आयोवा राज्यात नॉक्सव्हिलला अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक आहे, डे मॉइन शहरापासून तासाभराच्या आत. १९६१ पासून स्प्रिंट कारची, म्हणजे उघड्या चाकांच्या छोट्या शर्यतीच्या गाड्यांची, मोठी शर्यत, नॅशनल्स, तिथंच ऑगस्टात भरते. माती काळी, चिकट, ओली असली की बुटाला गोळे धरतात. गाडी म्हणशील तर ४१० क्युबिक इंचाचं इंजिन, मिथेनॉलवर चालतं, ९०० हॉर्सपॉवरच्या आसपास, आणि ड्रायव्हर धरून गाडीचं वजन साधारण ६५० किलो फक्त! क्लच नाही, गिअरबॉक्स नाही, सेल्फ नाही, मागून ट्रकनं ढकलून चालू करतात. क्लच नाही म्हणजे डावा पाय मोकळा, आणि तो पाय शर्यतभर ब्रेकवर.

आता तुला पटणार नाही, पण बहुतेक स्प्रिंट कारला पुढच्या उजव्या चाकाला ब्रेकच नसतो. पुढं डाव्याला एक डिस्क, मागं एक्सलवर आतल्या बाजूला एक डिस्क, झालं. मागचा एक्सल सरळ, मधे डिफरन्शियलचा खेळ नाही, दोन्ही चाकं एकत्रच फिरतात, म्हणून एका डिस्कमधे दोन्ही धरली जातात. त्यात मागचं उजवं टायर डाव्यापेक्षा मोठं, म्हणजे गाडी मुळातच डावीकडं ओढणारी.

ट्रॅक्टर आठव ना, नांगरताना बांधाच्या टोकाला एकट्या डाव्या ब्रेकवर पाय दिला की कसा जागच्या जागी वळतो, तोच हिशोब आहे हा. वळण कायम डावीकडंच, मग उजव्याला ब्रेक लावून गाडी भिंतीकडं ओढायची कशाला? शिवाय वळणात सगळा भार त्याच उजव्या पुढच्या टायरवर येतो, त्याच्याकडूनच वळवून पण घ्यायचं आणि थांबवून पण घ्यायचं म्हणलं की ते सुटतं आणि गाडी सरळ बाहेर जाते. लेट मॉडेल म्हणून दुसरा प्रकार असतो, बंद बॉडीची गाडी, तिला चारही चाकांना डिस्क असतात, पण बऱ्याच जणांनी उजव्या पुढच्याच्या लाइनला बंद करायचा कॉक बसवलेला असतो.

पायाचं काम मात्र बघण्यासारखं. रेस एकदम सोडली की वजन झटकन पुढं येतं, मागचं हलकं होतं आणि गाडी गर्रकन फिरते. म्हणून चांगला ड्रायव्हर रेस पूर्ण सोडतच नाही, थोडी चालू ठेवून डाव्या पायानं ब्रेक नुसता घासत ठेवतो, गाडी तिरकी पण ताब्यात, मागची चाकं उगाच फिरत नाहीत. याची किंमत म्हणजे उष्णता. रात्री लाइटखाली डावी पुढची डिस्क लालभडक दिसते कधीकधी, मी पिटमधे मदतीला असतो तेव्हा पहिली नजर तिथंच जाते. डॉट ४ ब्रेक ऑइल कोरडं असताना किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी ओढतं आणि मग आधीच उकळतं, पेडल आत जातो. म्हणून इथं ब्रेकच्या लाइनमधली हवा काढणं सारखं चालू, आणि उघडी ठेवलेली बाटली पुन्हा वापरली की शिव्या ठरलेल्या.

अजून एक त्रास, तो तुला मशीनवाला माणूस म्हणून आवडेल. ट्रॅकला खड्डे पडले की एक्सल हलतो, बेअरिंगमधे जरा जरी खेळ असला तरी डिस्क डुगडुगते आणि पॅडला मागं ढकलते, मग पुढच्या वळणाला पेडल निम्मा रिकामाच जातो. त्यामुळं काही जण सरळ रस्त्यावरच पेडलला हलकी टिचकी मारून ठेवतात. माझ्या मते हा नुसता इलाज झाला, खरं काम बेअरिंगचं.

सेटिंगचं थोडक्यात सांगतो. पुढच्या आणि मागच्या ब्रेकला ऑइलचा दाब देणारे दोन मास्टर सिलिंडर, मधे पायाचा जोर दोघांत वाटणारा दांडा, म्हणजे बॅलन्स बार, त्याचा नॉब ड्रायव्हरच्या हाताशी. मागं जोर जास्त दिला की वळणात शिरताना गाडी मागून सुटते, पुढं जास्त दिला की वळायलाच मागत नाही. १ इंची मास्टर सिलिंडर काढून ७/८ चा घातला तर तेवढ्याच पायात साधारण ३० टक्के दाब वाढतो, पण पेडलचा प्रवास पण वाढतो. आणि संध्याकाळी ओल्या मातीवर जो पाय चालत होता तोच पाय रात्री ट्रॅक वाळून चकचकीत झाला की चाक लॉक करतो, इथं कुठलाही नॉब उपयोगाचा नाही, पायच लागतो.

आता तुझ्या त्या रॅलीवाल्या पोराच्या जिप्सीचं. बाबा रे, उजव्याचा ब्रेक अजिबात काढू नको त्याच्या नादानं, रॅलीत दोन्हीकडं वळायचं असतं आणि येताना रस्त्यानं घरी पण यायचं असतं. बॅलन्स बार बसवायचा असेल तर मात्र बसव, पण आधी पुढच्या मागच्या कॅलिपरला प्रेशर गेज लावून आकडे घे आणि मला पाठव, मग बोलू. आणि हो, पेडल बॉक्सचा फोटो पण टाक.

तुझाच,
विन्या