पुस्तक मिटायला सांगणाऱ्या ग्रंथपाल मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या टेबलावर आणून देता आलं असतं. पण तुम्ही ते हसून खणात ठेवलं असतंत आणि "बरं, आता अभ्यासाला बसा" म्हणाला असतात. शिवाय यंदा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला जाणाऱ्या मुलामुलींपर्यंतही तुमचं सांगणं पोहोचावं असं वाटतं. म्हणून हे आभार उघडपणे मानते आहे.

तुमच्या ज्या वाक्याने माझा अभ्यास बदलला, ते ग्रंथपालाकडून कुणी अपेक्षिलंच नसतं. "आता पुस्तक मिटा आणि काय वाचलंत ते सांगा." ज्याच्यासमोर रंगीबेरंगी हायलायटर मांडलेले दिसत, त्याच्यापाशी तुम्ही हमखास थांबायचात. पान पिवळंजर्द झालेलं असायचं आणि पुस्तक मिटल्यावर दोन वाक्यांच्या पुढे गाडी सरकायची नाही. तुम्ही कुणाला रागावला नाहीत. "ओळखीचं वाटणं वेगळं आणि येणं वेगळं," एवढं बोलून पुढच्या टेबलाकडे जायचात.

तुमचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे नुसता उपदेश न करता पुरावा काढून हातात ठेवणं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग मी तुमच्यामुळे वाचला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. नंतर काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. पुन्हा पुन्हा वाचण्याची भुरळ का पडते, हे त्या पाच मिनिटांत दडलेलं आहे. लगेच सगळं येतंय असं वाटतं आणि आपण खूश होऊन उठतो. परीक्षा मात्र पाच मिनिटांनी नसते.

एबिंगहाउसची ओळखही तुमच्याकडूनच झाली. या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. पाठांतरातलं निम्म्याहून अधिक तासाभरातच गळून जातं, त्यानंतर विसरण्याचा वेग मंदावतो, असं त्याला दिसलं. तुम्ही त्यातून सरळ वेळापत्रकच काढून दिलंत: आज तास झाला की रात्री दहा मिनिटं आठवून लिहायचं, मग दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याने. एका बैठकीत सहा तास बसण्यापेक्षा तेच सहा तास पंधरवड्यात पसरलेले बरे. कॉलेजमध्ये हे जास्त लागतं, कारण शाळेसारखं रोज कुणी विचारत नाही. सत्र लांबलचक वाटतं, बराच काळ काहीच घडत नाही आणि मग सगळं एकाच आठवड्यात अंगावर येतं.

सबमिशनच्या बाबतीत तुम्ही सांगितलेला आकडा मी आजही लोकांना ऐकवते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं होतं. त्यांचा अंदाज सरासरी ३४ दिवसांचा होता, लागले ५५. सगळं बिघडलं तर किती दिवस लागतील, याही प्रश्नाला त्यांनी दिलेली मुदत अपुरी पडली. त्यामुळे अभ्यासक्रमाचा कागद हाती पडल्या दिवशीच सगळ्या तारखा एका पानावर उतरवायच्या आणि आपल्या अंदाजाच्या दीडपट वेळ धरायचा, हा तुमचा दंडक. प्रवेश घेतलेल्यांना मी एकच गोष्ट सांगायची म्हटली तर हीच सांगेन. तो कागद बहुतेक जण वाचतच नाहीत. कशाला किती गुण, अंतर्गत मूल्यमापन कशावर, हजेरीची अट काय, हे सगळं त्यात छापलेलं असतं.

आणि प्राध्यापकांकडे मला ढकललंत तेही तुम्हीच. वर्गात बाकी सगळ्यांना कळतंय आणि आपल्यालाच कळत नाही, असं पहिल्या वर्षी जवळजवळ प्रत्येकाला वाटत असतं. तुम्ही इतक्या तुकड्या पाहिल्या होत्या की मी तोंड उघडण्याआधीच तुम्हाला ते कळलं होतं. "सर, काही समजलं नाही, असं म्हणत जाऊ नका," तुम्ही म्हणालात. "दुसऱ्या पायरीवरून तिसरी कशी आली, हे विचारा." कुठे अडलंय ते नेमकं शोधायला बसलं की निम्मं कोडं तिथेच सुटतं आणि उरलेल्यासाठी सर आनंदाने वेळ देतात. पुढे शिफारसपत्राची वेळ आली तेव्हा याचा आणखी एक फायदा समजला. ज्यांनी आपल्याला कधी पाहिलेलंच नाही, ते पत्रात लिहिणार तरी काय? रोल नंबर?

रात्रभर जागून अभ्यास करणाऱ्यांवर तुम्ही चिडायचात. झोपेत आठवणी पक्क्या होतात, मग झोपच कापली तर वाचलेलं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता, आजही नाही.

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकलं नाही. नोट्स हातानेच काढा, लॅपटॉप नको, असा तुमचा आग्रह होता. २०१४ सालच्या एका गाजलेल्या प्रयोगाने हाताने लिहिण्याची बाजू घेतली होती हे खरं, पण नंतर तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा फरक तितका ठळक दिसला नाही. माझ्या मते लॅपटॉपमुळे फार काही बिघडत नाही. बिघडतं ते बोललेला शब्दन् शब्द उतरवून घेतल्यामुळे आणि शेजारी उघड्या असलेल्या दुसऱ्या खिडकीमुळे. मी टाइप करते, पण तासानंतर कडेच्या मोकळ्या जागेत प्रश्न लिहिते, उत्तर झाकते आणि स्वतःला विचारते. ही पद्धत कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांची, आणि ती तुम्हीच दाखवली होतीत. तेव्हा माझं न ऐकणंही बरंचसं तुमच्याच जिवावर आहे.

तुम्ही हे सगळं केलंत ते तुमच्या कामाच्या यादीत कुठेही नसताना. पुस्तक देणं, परत घेणं, नोंदी ठेवणं एवढ्यावर तुमचा दिवस सहज भागला असता. गुणपत्रिकेवर ग्रंथपालाचं नाव नसतं, निकालानंतर सत्काराला कुणी तुम्हाला बोलावत नाही. म्हणून मनापासून आभार, मॅडम.

पुढच्या सत्रापासून मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवणार आहे. पहिल्या आठवड्यात त्यांना तुमच्याकडे पाठवते आहे. त्यांची पुस्तकं मिटायला लावा.

तुमची विद्यार्थिनी